बघायचा मासा

साठ वर्षांची असताना मी फार शहाणी होते. आता पंचाहत्तरी ओलांडल्यावर तेवढं शहाणपण उरलेलं नाही, त्यामुळे बरं चाललंय.

त्या शहाण्या बाईची मला कधी कधी आठवण येते आणि हसू येतं. ती हुपरीला चांदीच्या पैंजणांचं काम चालणाऱ्या घरात राहायची. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन देवळात, दर्शन घेतल्याशिवाय चहाला शिवायची नाही, कांदा-बटाट्याला उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही, पाणी गाळून प्यायची आणि दिवस मावळायच्या आत जेवून भांडी पालथी घालायची. या मावळतीआधीच्या जेवणाला आमच्याकडे अंथऊ म्हणतात. हे सगळं मी आजही करते. फरक एवढाच, की ती बाई हे करता करता शेजारच्या घरात किती वाजेपर्यंत ताटं वाजतात, त्याकडेही कान लावून असायची.

तिच्या मुलीनं आपलं लग्न आपणच ठरवलं. मुलगा नेसरीकडचा, मराठ्यांचा. घरी शेती, म्हशी, वडील मिलिटरीतून रिटायर झालेले. हे ऐकून शहाण्या बाईनं दोन वेळा जेवण सोडलं. तिसऱ्या वेळी घरात पुरणपोळ्या होत्या, मग परत धरलं.

साखरपुड्यात मी पहिल्यांदा विहीणबाईंना पाहिलं. उंच, सडसडीत, पायात कॅनव्हासचे बूट, वर इरकली. आयुष्यभर शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. शिट्टी न वाजवता अख्खं मैदान थांबवेल असा आवाज. आमच्या भागातल्या बायका 'मी येते, जाते' न म्हणता 'मी येतो, जातो' म्हणतात, त्यात हा आवाज. मांडवाच्या दारातच त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"काय ओ विहीणबाई, तोंड का पाडलंय? पोरगी देताय, किडनी न्हवं!"

सगळे हसले. मी हसले नाही. असल्या धटिंगण बाईशी आपलं कधी पटणार नाही, हे मी त्याच क्षणी ठरवून टाकलं. असे क्षणात ठरवलेले पुष्कळ निर्णय माझ्या नावावर आहेत, एकही टिकलेला नाही.

पुढं दोनेक वर्षांनी मुलीचा फोन आला. ती आणि जावई कोल्हापुरात शाहूपुरीत राहतात. सासूबाई डोळे दाखवायला आल्यात, तू पण ये म्हणाली. गेले. विहीणबाई सोफ्यावर बसून शेंगा फोडत होत्या. मी बाजूनं आत आले ते त्यांना कळलंच नाही. समोर जाऊन उभी राहिले तेव्हा दचकल्या.

"आलाय व्हय? बाजूनं येत जाऊ नका हो आता. बाजूचं दुकान बंद झालंय."

काचबिंदू होता. कडेनं अंधार येत येत मधलं गोल तेवढं शिल्लक राहिलेलं. नळीतून बघितल्यासारखं, असं त्यांनी पेपरची सुरळी डोळ्याला लावून मला दाखवलं. गेलं ते परत येत नाही, ऑपरेशन केलं तर उरलेलं टिकेल, तेही टिकेलच असं नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. मुलीचे डोळे रडून सुजले होते. विहीणबाई मात्र शेंगांच्या टरफलांचा ढीग लावत म्हणाल्या, "ऑपरेशन करू की. त्याच्या आदी मला एकदा तळ्यावर जाऊन येऊ दे."

हे तळं म्हणजे निलगिरीच्या डोंगरात, शेवटच्या गावापासूनही जीपनं तासभर आत. त्यांचे मालक नोकरीत तिकडं होते तेव्हा एका साहेबाच्या बायकोनं विहीणबाईंना ट्राउट मासे धरायला शिकवलं होतं. गांडूळ नाही, काही नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी लांब दोरानं पाण्यावर टाकायची. धरलेला मासा लगेच सोडून द्यायचा. गळाचा उलटा दातसुद्धा पकडीनं दाबून सपाट करायचा, म्हणजे माशाचं तोंड फाटत नाही. नोकरी सुटल्यावरही दोन-तीन वर्षांतून एकदा त्या तिकडं जात. मालक कधी बरोबर जात नसत. म्हशी सोडून चार दिवस कुठं राहायचं म्हटलं की त्यांना ताप भरतो.

"सोडूनच द्यायचा, तर धरायचा कशाला?" मी विचारलं. हा प्रश्न फार बिनतोड आहे असं मला वाटत होतं.

"लई धरले ओ मी," त्या म्हणाल्या. "पण सगळे पाण्याच्या आतनं. माशी बुडती, आत कुटंतरी तो घेतो, हाताला झटका कळतो. बास. वरच्या वर, तरंगती माशी घ्यायला मासा खालनं येतो, तोंड उघडतो, हे मी एकदाबी बगितलं न्हाई. झालं असंल माज्याबी गळाला, पण दर वेळी मी दुसरीकडंच बगत हुतो. आता बगायचं झालं तर ह्याच वर्षी. फुडल्या वर्षी डोळं असतील-नसतील, कुणी सांगावं?"

जावयाला सुट्टी नव्हती, मुलीला सातवा महिना लागला होता. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"मी?" शहाणी बाई म्हणाली. "मासे धरायला? मी आयुष्यात मुंगी मारली नाही."

"तुमी कुटं मारायचाय? माजा हात धरायचा. दगडाला ठेचाळून पडलो तर उचलायचं. जमलं तर गप बसायचं."

यातलं शेवटचं मला जमणार नव्हतं, पण मी गेले.

जावयानं गाडी करून दिली. डिकीत त्यांची एक पिशवी आणि लांब नळकांड्यात काठी. बाकी सगळं माझं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू, मेतकूट, पाणी गाळायचं कापड, देवाचा फोटो, पूजेचं सामान, तीन स्वेटर, माकडटोपी. म्हैसूरपर्यंत त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "विहीणबाई, आपण चार दिसांनी परत येणार हाय की तिकडंच नांदायला चाललोय?"

डोंगर चढायला लागल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं दिसायला लागली आणि मी एकेक पीक ओळखत गेले. गाजर. बीट. बटाटा. मुळा. लसूण. मैलामैलापर्यंत उतरत्या रांगांमध्ये फक्त तेच, जे मी खात नाही. देवानं माझ्यासाठी खास निवडून गाव काढलं होतं.

शेवटच्या गावात गाडी ठेवून जीपनं तळ्यावर पोचलो. तळ्याकाठचं घर जुनं, लाकडाचं, वर पत्रा. जेवणाच्या टेबलासमोर भिंतीवर लाकडात कोरलेला हातभर मासा टांगलेला. मी खुर्ची फिरवून त्याला पाठ करून बसले. सांभाळणारा आणि स्वयंपाक करणारा एकच माणूस, तिथल्याच डोंगरातला, आमच्याच वयाचा. त्याची बोली कानडीच्या जवळची निघाली, आणि हुपरीकडं आम्हाला कानडी थोडं येतंच.

"अण्णा, ईरुळ्ळी बेड, बटाटी बेड, गज्जरी बेड," मी एकेक बोट मिटत कांदा, बटाटा, गाजर नको सांगितलं. तो प्रत्येक नावाला मान हलवत गेला. शेवटी हात जोडून त्यानं विचारलं, मग अम्मा, तुम्ही इथं आलात कशाला? विहीणबाईंना कानडी येत नाही, पण एवढं त्यांना बरोबर समजलं. खुर्चीतून पडायच्या बाकी राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठून बाहेर आले. तळ्यावरून धुकं सरकत होतं आणि पाण्याला वाफा येत होत्या. चारी बाजूंना बुटकं, दाट रान. एवढं मोठं पाणी आणि त्यावर एकही आवाज नाही, असं मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडं पाणी म्हटलं की धुणं, भांडी, म्हशी आणि आरडाओरडा. मी हात जोडले. आणि मग जे घरी रोज करते तेच केलं. स्वयंपाकघरात जाऊन कणीक भिजवली, बोराएवढ्या गोळ्या केल्या आणि लाकडी धक्क्याच्या टोकावर बसून माशांना घातल्या. आमच्या घरात हे माझ्या सासूपासून चालत आलंय. गावात असले तर विहिरीवर, कोल्हापुरात असले तर रंकाळ्यावर.

सुरुवातीला काही झालं नाही. मग एक गोळी बुडता बुडता गायब झाली. मग दुसरी. मग पाण्याखाली काळसर पाठी फिरायला लागल्या. मी सगळी परात रिकामी केली. हातून पुण्य झालं, ते वेगळंच. पण माझ्या मनात आणखी एक होतं, ते सांगून टाकते. पोट भरलेला मासा कशाला कुणाच्या खोट्या माशीला तोंड लावेल? विहीणबाईंची हौस फिटेल, माशांचे जीव वाचतील आणि मला काही बोलावं लागणार नाही. शहाणी बाई स्वतःवर इतकी खूश झाली की तिनं अण्णाच्या हातचा बिनकांद्याचा उपमा दोनदा मागून घेतला.

ऊन वर आल्यावर विहीणबाई धक्क्यावर आल्या. काठीचे तुकडे जोडले, दोर ओवला, त्याच्या टोकाला नायलॉनचा बारीक तंगूस आणि तंगुसाला ती माशी. माझ्या नखाएवढी, तपकिरी, पिसांची. मी एक फूट लांब बसले, पापापासून अंतर ठेवून.

आणि मग त्यांनी हात उचलला.

मला वाटलं होतं काठी गरागरा फिरवतील, जोर लावतील. साखरपुड्यात माझ्या पाठीवर पडलेली थाप मी विसरले नव्हते. पण त्या हातात जोर दिसतच नव्हता. कोपर अंगाशी, मनगट किंचित. पिवळा दोर त्यांच्या मागं हवेत लांब लांब गेला, सरळ झाला, तिथं क्षणभर थांबला, जणू त्यांनी 'थांब' म्हटलं म्हणून थांबला, आणि पुढं आला. पुढंही तसाच उलगडत, वळी सुटत सुटत. शेवटी ती माशी पाण्यावर अशी बसली की पाणी हललं नाही. मी चांदीकाम चालणाऱ्या घरात चाळीस वर्षं काढलीत. पट्टीच्या भोकातून तार ओढताना हात जरा हिसकला तरी तार तुटते. सलग, एका लयीत ओढणारा कारागीर शंभरात एखादा. त्याच्याकडं बघत बसावं तशी मी बघत बसले. ही बाई, जिच्या पायरवानं घरातली भांडी वाजतात, तिच्या हातात हे होतं. आणि मी तिला दोन वर्षं धटिंगण म्हणत होते.

"कुटं पडली?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"माशी ओ. कुटं हाय?"

मी बोट दाखवलं. विहीणबाई त्या दिशेला मान वळवत राहिल्या, जरा डावीकडं, जरा उजवीकडं, सांडलेले मणी शोधावेत तसं. सापडली नाही. दोर ओढून घेतला, परत टाकला. परत तसाच सुंदर. परत तसंच शोधणं. दिवसभर हेच चाललं. एकही मासा वर आला नाही. येणार कसा, सगळे पोटाला तडस लागून पडले असणार. संध्याकाळी मी उन्हं असतानाच अंथऊ करायला उठले, तेव्हाही त्या तिथंच उभ्या होत्या. पलीकडच्या काठावर पाण्यावर गोल गोल उमटत होते. मासे तिन्हीसांजेला वर येतात, अण्णा म्हणाला. पण ते सगळे लांब. आमच्या बाजूला शांतता.

दुसऱ्या दिवशी मी परत कणीक भिजवली. आता खरं सांगायचं तर मन थोडं चरचरलं होतं. पण सवयीची बाई सवयीनंच चालते. पुन्हा परात, पुन्हा धक्का. पुन्हा दिवसभर त्यांचं ते टाकणं आणि शोधणं, आणि पाण्यात काही नाही. त्या चिडल्या नाहीत. उलट रात्री पांघरुणात शिरताना म्हणाल्या, "वारं बरूबर न्हाई."

तिसऱ्या सकाळी मी रिकाम्या हातानं धक्क्यावर गेले. नको घालायला, असं ठरवूनच गेले होते. विहीणबाई मागून आल्या, माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. माझी सावली पाण्यावर पडली मात्र, धक्क्याखालून मासे आले. एक नाही, दहा-पंधरा. कोंबड्या परसात धावून येतात तसे. तोंडं वर काढून माझ्या पायाशी चुबुक चुबुक करायला लागले.

"हे कसलं वाजतंय?" विहीणबाई म्हणाल्या.

त्या गुडघ्यावर बसल्या, मान खाली घालून सरळ पाण्यात बघितलं. मग माझ्या हाताकडं. बांगडीच्या फटीत कालची कणीक वाळून बसली होती.

मी वाट बघत होते की आता शाळेतला आवाज निघणार. निघाला, पण हसण्याचा. समोरच्या रानातून पाखरं उठली.

"अरारारा! विहीणबाई! पंगत बसवलीसा व्हय माशांची! आनि मी खुळ्यागत दोन दिस वाऱ्याला शिव्या देतोय!"

"सवय आहे हो घरची," मी म्हटलं.

"सवय? आनि मनात काय हुतं ते सांगा की!"

"मनात... पोट भरलं की ते तुमच्याकडं यायचे नाहीत, एवढंच."

त्या आणखी हसल्या. डोळे पुसले. मी म्हटलं, "आता टाका ना इथंच. बघा केवढे आलेत. एक तरी घेईलच."

त्या एकदम गंभीर झाल्या. "छ्या. जेवायला बोलवून धरायचं व्हय? माजी माशी बगून, फसून आला पायजे. त्येला वाटलं पायजे, ही खरीच हाय." त्यांनी पलीकडच्या काठाकडं मान केली. "तिकडं जाऊ. तितं तुमची पंगत पोचली नसंल."

पलीकडचा काठ म्हणजे तळ्याला निम्मा वळसा. मध्ये दलदल, दगड, ओढा. अण्णा म्हणाला, धडधाकट माणसं जपून जातात, यांना दिसत नाही, नको. विहीणबाईंनी बूट आवळले. तो आमचा तिथला शेवटचा दिवस होता.

दुपारी निघालो. माझ्या उजव्या हातात त्यांचा डावा हात. "दगड. उजवीकडं चिखल. आता पाय उचला, मूळ आहे." खाली बघून चालायची सवय मला जन्मभराची, पावलाखाली जीव येऊ नये म्हणून. ती त्या दिवशी त्यांच्याही पायांच्या कामी आली. ओढ्यापाशी माझ्या घोट्याला जळू लागली. मी म्हटलं, पिऊ द्या, पोट भरलं की सोडेल. "आता ह्येचीबी पंगत?" म्हणून त्यांनी नखानं ती उडवली. त्या दोनदा गुडघ्यावर पडल्या. दोन्ही वेळा आधी काठी वर धरली, मग स्वतःला सावरलं. एकदाही 'परत जाऊ' म्हणाल्या नाहीत. मी पाच-सहा वेळा म्हटलं.

पोचलो तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. तिथं पाण्यात खरंच मासे होते. थोड्या थोड्या वेळानं एखादा गोल उमटायचा आणि विरायचा. विहीणबाईंनी माशी टाकली. अप्रतिम पडली. आणि त्यांची मान पुन्हा इकडं-तिकडं. पाणी आता करडं झालं होतं, माशी तपकिरी. मलाच नीट दिसेना.

"डावीकडं. अजून. अहो त्या फांदीच्या सरळ रेषेत."

"न्हाई गावत." त्यांनी दोर ओढून घेतला. पहिल्यांदाच आवाज खाली आला. "विहीणबाई, मासा येईलबी. तुमी बगाल आनि मला सांगाल. तसं मला नगो."

मी माशी हातात घेऊन बघितली. घरी आम्ही बायका पैंजणांना घुंगरं बसवतो, तिळाएवढं काम असतं, त्यामुळे बारीक गोष्ट हातात आली की माझी बोटं आपोआप तिची मापं घेतात. हिच्यावर काहीतरी पांढरं हवं, मला वाटलं. पांढरं आणि पाण्यात न भिजणारं. पूजेचं सामान मी बाहेर पडताना बरोबर ठेवतेच. पिशवीतून डबी काढली. तुपात भिजवलेल्या फुलवाती. थंडीनं तूप थिजून मेणासारखं झालेलं. एका वातीचं टोक तोडलं, बोटांत चोळून फुलवलं, वर आणखी तूप माखलं, आणि शिवणाच्या दोऱ्यानं माशीच्या पाठीवर तुरा बांधला. घुंगरू बांधते तशी गाठ मारली.

ज्या हातानं दोन दिवस मासे वाचवले, त्याच हातानं. शहाण्या बाईला मी तेव्हाच विचारायला हवं होतं, हे काय चाललंय म्हणून. पण ती माशी चांगली तरंगायला हवी या काळजीत होती.

विहीणबाईंनी बोटानं तुरा चाचपला. वास घेतला. "तूप?"

"लोणकढं."

"ट्राउटाची काय चैन हाय," त्या म्हणाल्या आणि हात उचलला.

दोर मागं गेला, थांबला, पुढं उलगडला. माशी पाण्यावर बसली आणि तिच्या पाठीवर पांढरा ठिपका उभा राहिला. मी म्हटलं, "फांदीच्या अलीकडं. डावीकडं मान. थोडी..."

"थांबा." त्यांची मान थांबली. "गावली. दिसती की ओ. पांढरी. दिसती!"

डोंगराआड सूर्य टेकला होता. आता निघाले असते तरी अंथऊची वेळ गाठता आली नसती. एरवी तेवढ्यानं मी घायकुतीला आले असते. त्या दिवशी मी सूर्याकडं एकदा बघितलं आणि परत पाण्याकडं बघायला लागले. विहीणबाई दोर ओढायच्या, टाकायच्या, ठिपका शोधून त्यावर डोळा लावायच्या. पापणी हलत नव्हती. ज्या नळीतून उरलेलं जग दिसायचं, ती सगळीच्या सगळी त्या एका ठिपक्यावर लावली होती. मी आयुष्यात पुष्कळ साधूंची प्रवचनं ऐकलीत, चित्त एकाग्र करा म्हणून. त्यांचं चुकत नाही. पण एकाग्र चित्त मला प्रत्यक्ष बघायला मिळालं ते त्या काठावर बसून, बूट चिखलात, नाकातून पाणी.

आणि तो आला.

आधी ठिपक्याच्या खाली पाणी जरा काळं झालं. मग त्या काळ्याला पाठ आली, पाठीवर ठिपके, कडेला तांबूस पट्टा. घाई नाही. अगदी सावकाश, पाहुणा जिना चढतो तसा तो वर आला. तोंड उघडलं. आतला पांढरा रंगसुद्धा दिसला. आणि फुलवातीसकट माशी त्यानं तोंडात घेतली.

"ओढा!" मी ओरडले.

त्या हलल्या नाहीत.

"ओढा की ओ! घेतली! ओढा, ओढा!" मी उभी राहून नाचत होते. मुंगी न मारलेली बाई. हुपरीपर्यंत ऐकू गेलं असेल.

त्या तशाच उभ्या. काठी हातात, दोर सैल, तोंड किंचित उघडं. मासा अर्धा पाण्याबाहेर होता. त्यानं ते तूप, तो कापूस चाखला असणार. त्याला काय वाटलं देव जाणे. तोंड उघडून त्यानं माशी थुंकली, शेपटी एकदा हलवली आणि ज्या जिन्यानं आला त्याच जिन्यानं खाली गेला. गोल मोठे होत काठापर्यंत आले आणि आमच्या बुटांपाशी संपले.

"गेला!" मी म्हटलं. मी रडायच्या बेतात होते. "अहो, गेला ना! का नाही ओढलं? एवढं सांगत होते!"

विहीणबाई माझ्याकडं वळल्या. मला शोधायला त्यांना एक क्षण लागला. मग मी सापडले.

"ओढतो कशाला," त्या म्हणाल्या. "बगत हुतो की."

परतताना पार अंधार झाला. अण्णा कंदील घेऊन निम्म्या वाटेवर आला, तोवर मी मोबाईलच्या उजेडात त्यांना चालवत होते. दगड, चिखल, मूळ. त्यांचं लक्ष पायाकडं नव्हतंच.

"पट्टा बगितलासा? कडंचा? लाल हुता."

"तांबूस."

"लाल ओ. आनि डोळा. त्येनं माज्याकडं बगितलं."

"माशीकडं बघितलं असेल."

"माज्याकडं! तुमी नाचत हुता, तुमाला काय दिसतंय? केवढा हुता, सांगा."

मी हात पसरून दाखवलं. अंधारात त्यांना दिसेना, म्हणून त्यांनी माझ्या दोन्ही तळव्यांना हात लावून मधलं अंतर मोजलं.

"एवढाच? लांबवा."

मी थोडं लांबवलं.

"अजून."

"अहो, एवढा नव्हता!"

"मी बगितलाय," त्या म्हणाल्या. "लांबवा."

मी लांबवलं.